कृष्णामाईची चाल

ट्रेकच्या जाहिरातीत ‘श्रेणी : सोपी’ असं छापलेलं असतं, त्यावर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने विश्वास ठेवू नये. ती श्रेणी ठरवणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असतो, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतो आणि ज्या वाटेला दोर लागत नाही ती वाट त्याच्या हिशेबी सोपीच. वर तो मनाने फार चांगला असतो, हा आणखी एक त्रास. आपण धापा टाकत दगडावर बसलो की तो पाण्याची बाटली पुढे करतो आणि म्हणतो, “काका, आता फक्त दहा मिनिटं.” सह्याद्रीत दहा मिनिटांनी वेळ मोजत नाहीत, धीर देतात.

दोष त्या मुलाचाही नाही. मराठी माणसाला चालणं म्हणजे चढणंच वाटतं. इतके गड उशाशी ठेवून झोपणाऱ्या समाजात सपाटीवर चालणारा माणूस जरा कमअस्सलच ठरतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ सहज विचारतो, “कळसूबाई झालं का?” जणू मुंज झाली का, असं विचारावं! 1,646 मीटरचं ते शिखर ज्याचं ‘झालेलं’ नाही, त्याने जिलबीकडे बघत बसावं. अशा वेळी “आम्ही नदीकाठाने चालतो” असं सांगितलं, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर आपल्या तब्येतीबद्दलची काळजी दिसू लागते.

अशांना मी क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जाऊन यायला सांगतो. तिथं कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या एकाच ठिकाणी उगम पावतात अशी श्रद्धा आहे. यांतली सावित्री ही खरी ट्रेकर. कड्यावरून सरळ कोकणात उडी, पोलादपूर, महाड, आणि हरिहरेश्वर-बाणकोटपाशी समुद्र. मोहीम फत्ते. कृष्णेलाही अरबी समुद्र तिथून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर होता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली, पूर्वेचा रस्ता धरला आणि तेराशे-चौदाशे किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठला. वाटेत चार राज्यं पोसली. जोडीच्या वेण्णा आणि कोयना वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या, पण एक साताऱ्याजवळ माहुलीला आणि दुसरी कराडला, अशा दोघी येऊन तिलाच मिळाल्या. सावित्रीला वाटेत थांबून कुणाची वाट बघायला सवडच नव्हती. सावित्री आणि कृष्णा दोघीही मोठ्याच, पण माझ्या गुडघ्यांचं गोत्र कृष्णेचं आहे.

भूगोलही आमच्याच बाजूने आहे. महाबळेश्वरची उंची साधारण 1,300 मीटर आणि वाईची सातशेच्या आसपास. म्हणजे निम्मी उतरण या नदीने वाईला येईपर्यंतच उरकून टाकली. उरलेली निम्मी पुढच्या हजारावर किलोमीटरमध्ये वाटून घेतली, तेव्हा सरासरी किलोमीटरला अर्धा मीटर पडतो. घरातल्या जिन्याच्या तीन पायऱ्या! नदीच्या कडेकडेने चालणाऱ्याला याहून मोठा चढ येणार कुठून? कडेची वाट पाण्याच्याच उताराने चाललेली असते. मध्ये एखादा ओढा आडवा येतो, तिथं खाली उतरून वर चढावं लागतं, तेवढाच आमचा गिर्यारोहणाचा अनुभव.

वाई ते मेणवली ही वाट मला सर्वांत आवडते. जेमतेम तीन किलोमीटर. सुरुवात गणपती घाटावरून करावी, ढोल्या गणपतीला नमस्कार करून. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलं. दर्शन घेऊन लोक पुढूनच परत फिरतात. मागे जाऊन भिंत बघावी. ती माशाच्या आकाराची, टोकदार केली आहे, म्हणजे पुराचं पाणी आलं की दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट करून द्यायची, हे अडीचशे वर्षांपूर्वी कळलेली माणसं याच काठाला राहत होती. आपण पूररेषेच्या आत इमारती उभ्या करतो आणि मग पालिकेला निवेदन देतो.

गाव मागे पडलं की खरी मजा. वाट काही सलग नदीला चिकटून जात नाही, हे आधीच सांगतो. कधी डांबरी रस्ता, कधी उसाच्या फडाकडेचा बांध, कधी शेतकऱ्याच्या मोटरीचा पाइप ओलांडून थेट पाण्यापर्यंत. काठाला करंज, उंबर, वाळुंज. पाण्यात म्हशी, आणि त्यांच्या पाठीवर जागा आरक्षित केल्यासारखे बगळे. खंड्या तारेवर बसलेला असतो आणि आपण मोबाइल खिशातून काढेपर्यंत निळी रेघ मारून जातो. धोबी पक्षी शेपूट हलवत दगडादगडांवरून हिंडतो. नदीकाठी चालण्याचा मूळ वेग त्याचाच आहे. चार पावलं चालायचं, थांबायचं, काहीतरी बघायचं.

इथं माणसं बोलतात, हा आणखी एक फायदा. गडावर भेटणारा माणूस “अजून किती?” एवढंच विचारतो. नदीकाठी कपडे धुणाऱ्या एका मावशींनी आमच्या घोळक्याकडे बघून विचारलं, “कुठं निघालाय?”

“मेणवलीला.”

“चालत?” त्यांनी पिळा हातातच धरला. “गाडी बंद पडली व्हय?”

हौसेने चालतोय म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण तो पिळा त्यांनी दगडावर जरा जास्तच जोरात आपटला.

आमच्या घोळक्यात सगळ्या तऱ्हेचे लोक असतात. ढोपराची वाटी बदललेल्या आत्या, साखर वाढलेले एक काका, त्यांना आवरायला काकू, आणि कुणाचा तरी आठ वर्षांचा नातू, जो इतका पुढे-मागे धावतो की त्याचं अंतर आम्हा सगळ्यांच्या दुप्पट होतं. काकांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. दहा हजार झाली की ते थरथरतं. ही दहा हजारांची टूम डॉक्टरांनी काढली असं काकांना वाटतं. खरं तर 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ असं होतं आणि तो आकडा तिथून जगभर पसरला. मी हे काकांना सांगितलं नाही. माणसाकडून सगळीच दैवतं काढून घेऊ नयेत.

शिखर नसल्यामुळे या वाटेवर एक मोठी सोय होते. कुणी पहिला येत नाही. गडावर वर पोचलेले लोक खालून येणाऱ्यांकडे दयेने बघतात आणि खालचे मान खाली घालतात. इथं पुढे गेलेला माणूस फार तर एका डोहापाशी आधी पोचतो आणि तिथं कंटाळून बसतो. आत्यांना अर्ध्यावर पुरे वाटलं तर त्या उंबराखाली बसतात, आणि ते त्यांच्यापुरतं मेणवलीच. वारीतल्या लोकांनी हे कधीच ओळखलंय. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि चालणाऱ्यांत सत्तरीच्या आज्याही असतात. त्यांना कुणी फिटनेसचा दाखला मागत नाही.

मेणवलीला पोचलं की नाना फडणीसांचा वाडा, सहा चौकांचा. नाना हा माझा आवडता इतिहासपुरुष. पानिपतावरून जीव वाचवून परत आलेला हा सडपातळ माणूस. त्याने हौसेने गड बांधला नाही, नदीकाठी वाडा बांधला आणि त्याला घाट केला. शहाणा होता. घाटावरच्या छोट्याशा मंडपात एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगली आहे. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि शेजारी आपलं देऊळ. दोघांचं छान चाललंय. बाकीच्या पर्यटकांना या घाटाचं महत्त्व ‘स्वदेस’चं शूटिंग इथं झालं एवढंच असतं. ते पायरीवर उभे राहून फोटो काढतात आणि पाचव्या मिनिटाला गाडीत बसतात. चालत आलेला माणूस मात्र पायरीवर बसतो, कारण त्याला बसावंच लागतं. त्या बसण्यात पाणी, वड-पिंपळ, समोरचा काठ सगळं आपोआप बघून होतं. नजर रसिक नसली तरी पाय दुखत असले की पुरतं.

जायचं झालं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पाऊस नुकताच संपलेला असताना जाऊ नये. काळी माती बुटांना अशी चिकटते की परत येताना प्रत्येकाची उंची चार बोटं वाढलेली असते. सकाळी लवकर निघावं, टोपी आणि पाणी घ्यावं, शेतातून जाताना बांध सोडू नये आणि मालक दिसला तर आधी रामराम घालावा. जुने, मळलेले बूट चालतील. काठी न्यायला लाजू नका. पावसाळ्यात मात्र ही सोपी वाट विसरा. वर धोम धरण आहे, आणि तिथून पाणी सोडणार अशी सूचना झाली की घाटाच्या खालच्या पायरीवरसुद्धा उतरायचं नाही.