बदनाम मार्स, मोकाट पिझ्झा

गल्लीत काच कुणीही फोडो, ओरडा ठरावीक पोरालाच बसतो. खाण्याच्या जगात हे नशीब तळलेल्या मार्स बारच्या वाट्याला आलं आहे. ज्याला स्कॉटलंड नकाशावर दाखवता येत नाही, तोसुद्धा डोळे मिचकावून विचारतो, "ते लोक चॉकलेट तळून खातात म्हणे?" खातात. पण त्या दुकानात चॉकलेटच्या शेजारी आणखी काय काय तळून ठेवलेलं असतं, हे कुणी विचारत नाही. मी ते पाहून, आणि बरंचसं खाऊन, आलो आहे. माझं ठाम मत असं की खरा गुन्हेगार उजळ माथ्याने फिरतो आहे आणि त्याचं नाव पिझ्झा.

माझा भाचा ॲबरडीनला असतो. तिथे जाणारी आपली मुलं बहुधा समुद्राखालच्या तेलाच्या मागे जातात, तोही तसाच गेला. जमिनीवरच्या तेलाची ओळख मात्र त्याने मला आणि माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, एकत्रच करून दिली. तिथलं चिप शॉप म्हणजे तिथल्या भाषेत 'चिप्पी'. काउंटरमागे स्टीलच्या लांबलचक कढया, त्यांच्यावर काचेचं गरम कपाट आणि कपाटात सोनेरी रंगाच्या, ओळख न पटणाऱ्या वस्तू ओळीने आडव्या पडलेल्या. पीठ असं आहे की आत कोण आहे याचा थांगपत्ता लागू देत नाही. राजा असो वा रंक, सगळ्यांना एकच पोशाख.

भिंतीवरचा फलक वाचायला आधी व्याकरण शिकावं लागतं. नुसता पदार्थ हवा असेल तर 'सिंगल' म्हणायचं, चिप्सच्या ढिगासकट हवा असेल तर 'सपर'. भर दुपारी बारा वाजता मागितलं तरी ते सपरच. मग विचारतात, वर काय घालू? एडिंबरात 'सॉल्ट अँड सॉस', म्हणजे मीठ आणि व्हिनेगर घालून पातळ केलेला तपकिरी सॉस. ग्लासगोत मीठ आणि नुसतं व्हिनेगर. ही दोन शहरं तासाभराच्या अंतरावर आहेत, पण या प्रश्नावर त्यांच्यात तडजोड होण्याची चिन्हं नाहीत. पुण्यात आणि कोल्हापुरात मिसळीवरून जे चालतं ते ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

फलकावरच्या मंडळींची ओळख करून देतो. पहिला मान हॅडॉक माशाचा. इंग्लंड कॉडवर जीव टाकतं, स्कॉटलंड हॅडॉकवर. पुढे ब्लॅक पुडिंग, म्हणजे डुकराचं रक्त आणि ओटचं जाडसर पीठ भरलेला सॉसेज. व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नाही, नुसतं ओट, कांदा आणि चरबी. पूर्व किनाऱ्याला रेड पुडिंगही मिळतं. किंग रिब नावाची एक वस्तू आहे. ती डुकराच्या खिम्याची वडी असते आणि तिच्यात बरगडी औषधालाही सापडत नाही. स्कॉच पाय हा मटणाचा भाजलेला कणकीचा डबा, तोही पुन्हा तळून देतात. आणि या सगळ्या सामिष गर्दीत, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी, अननसाची चकती.

हॅगिसचा मुद्दा निराळा. मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस बारीक करून त्यात ओट, कांदा, चरबी आणि मिरपूड घालून केलेला हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय पदार्थ. राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स याने अठराव्या शतकात त्याला उद्देशून कविता लिहिली, आणि दर २५ जानेवारीला बर्न्सच्या जयंतीला लोक ताटातल्या हॅगिससमोर उभं राहून ती म्हणतात. त्यातल्या फुप्फुसामुळे अमेरिकेने १९७१ पासून अस्सल हॅगिसला दारं बंद केली आहेत. चिप्पीवाला काय करतो, तर ज्याच्यावर कविता झाली त्याला सॉसेजचा आकार देऊन, पिठात बुडवून कढईत सोडतो. आणि सांगायला आनंद वाटतो, की कवितेपेक्षा हे रूपांतर सरस आहे. वरचं कवच कुरकुरीत, आत मिरीचा झणका असलेलं खमंग सारण. ग्लासगोतल्या देशी हॉटेलांनी तर हॅगिसची पकोडीसुद्धा करून टाकली आहेत. ज्याला वजडीचं वावडं नाही, त्याने डोळे मिटून मागवावं.

आता मुख्य आरोपी, म्हणजे मार्स. ॲबरडीनच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर स्टोनहेवन नावाचं टुमदार गाव आहे. तिथल्या हेवन नावाच्या चिप शॉपमध्ये, आता त्याचं नाव कॅरन आहे, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मार्स तळण्याचा प्रकार घडला. पोरांच्या पैजेतून, असं गावात सांगतात. १९९५ मध्ये वर्तमानपत्रांना सुगावा लागला आणि स्कॉटलंडची अब्रू जगभर तळली गेली. याच गावात १८२२ साली रॉबर्ट थॉमसन जन्मला, ज्याने १८४५ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. जगाच्या गाड्यांना टायर देऊन गावाचं समाधान झालं नाही, दीडशे वर्षांनी त्याने पोटासाठीही सोय केली.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या विषयाची दखल घेतली. संशोधकांनी स्कॉटलंडभरच्या चिप शॉपना फोन लावून चौकशी केली, तेव्हा शेकडा २२ दुकानांत तळलेला मार्स मिळत होता. पुढे २०१४ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी चोवीस जणांना एकदा तळलेला मार्स आणि एकदा ओटची लापशी खायला घालून त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या तपासल्या. निष्कर्ष असा, की दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. पुरुषांच्या बाबतीत किंचित शंकेला जागा, इतकंच. लापशी खाणाऱ्यांना काय वाटलं असेल याचा विचार कुणी केला नाही. तिकडे स्टोनहेवनमध्ये २०१५ साली स्थानिक कौन्सिलने गाव सुंदर दिसावं म्हणून दुकानावरचा 'जन्मस्थान' असा फलक काढायला सांगितलं. मालकाने ऐकलं नाही. जन्मस्थानाचे वाद काढून कुणाचं भलं झालं आहे?

आम्ही उभे होतो त्या दुकानात काउंटरमागच्या बाईंनी मार्स फ्रिजमधून काढला. गार असल्याशिवाय चालत नाही, नाहीतर पीठ आवळून धरायच्या आत चॉकलेट पाघळतं. कागद सोलून बार पिठात बुडवला, एका टोकाला धरून तेलात हळूहळू अर्धा उतरवला, दोन-तीनदा हेलकावला आणि मग सोडला. एकदम सोडला की तळाला चिकटतो. पिठातल्या पाण्याची वाफ बाहेर ढकलत असते, तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. म्हणून खेळ मिनिट-दोन मिनिटांत आटपावा लागतो. झाऱ्याने उचलून, झटकून, कागदी द्रोणात लाकडी काट्यासकट आमच्या पुढ्यात.

"मामा, थांबा जरा," भाचा म्हणाला. "आत लाव्हा आहे."

खरंच होता. कवच मोडलं की चॉकलेट वाहतं, नूगा फुगून मऊ पडतो आणि कॅरॅमल जिभेचा सूड घेतं. पिठातलं मीठ गोडाला आवर घालतं. अगदी मागे कुठेतरी हॅडॉकची पुसटशी आठवणही येते, कारण कढई तीच. पण पदार्थ फसलेला नाही. भजी तळणाऱ्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. आपण केळं, ओव्याचं पान, मायाळूचं पान, उरलेला पाव, सगळं पिठात बुडवलेलं आहे आणि त्याबद्दल कुठल्या लॅन्सेटने आपल्याला फोन केलेला नाही.

मग आला पिझ्झा. त्याला 'पिझ्झा क्रंच' म्हणतात. स्वस्तातला पातळ पिझ्झा घ्यायचा, अर्धा करायचा, पिठात बुडवायचा, तळायचा आणि सपर मागितलं तर चिप्सवर ठेवून द्यायचा. म्हणजे मैद्याला मैद्याचं कवच आणि खाली बटाट्याची गादी. चीज कुठे संपलं, तेल कुठे सुरू झालं, याचा पंचनामा करता येत नाही. मार्सला निदान आत-बाहेर आहे, थंड-गरम आहे, खारट-गोड आहे. पिझ्झा क्रंचला फक्त वजन आहे. गंमत म्हणजे स्कॉटलंडमधली कित्येक चिप शॉप इटालियन घराण्यांनी उभी केली. टस्कनीतल्या बार्गा गावातून पिढ्यानपिढ्या माणसं इकडे आली, आणि त्या गावात आजही उन्हाळ्यात फिश अँड चिप्सचा उत्सव भरतो. त्यांच्याच देशाच्या पिझ्झ्याला हे दिवस यावेत!

बहिणीने यातलं काहीच खाल्लं नाही. तिने चिप्स मागितल्या आणि पुडी हातात आल्यावर विचारलं, "तेल कसलं वापरतात रे?"

"आई, तेल नाही ते."

"मग?"

"बीफ ड्रिपिंग. चरबी."

तिने पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दादा, तू आहेस ना." चरबीत तळलेल्याला चव येते असं मानणारी दुकानं तिकडे पुष्कळ आहेत. वनस्पती तेलात तळणारीही आहेत, पण त्यातही मासा त्याच कढईत पोहून गेलेला असू शकतो.

स्कॉटलंडमध्ये हृदयविकार फार, हे खरं आहे. त्याचं खापर मात्र वर्षा-दोन वर्षांतून पैजेवर खाल्ल्या जाणाऱ्या चॉकलेटवर फुटतं. शनिवारी रात्री पबमधून घरी जाताना जे नेमाने पोटात जातं, त्याच्यावर कुणी विनोद करत नाही.

तेव्हा तिकडे गेलात तर एवढं करा. आधी तेल कसलं ते विचारा. खात असाल तर हॅगिस सपर मागवा. मार्स तिघांत एक घ्या आणि दोन मिनिटं थांबून मगच चावा. आणि पिझ्झा खायचाच असेल, तर न तळलेला मागा.