मंद आचेवरचा फ्रान्स

साधे फ्रेंच पदार्थ घरी शिकायला कांदे, लोणी, मैदा, दूध, अंडी आणि धीर लागतो. यातल्या पहिल्या पाच गोष्टी भिलाईजवळच्या जामुलमध्ये सहज मिळतात. छत्तीसगडाला फ्रान्स तसा परका नाही, पण तो इथे आला सिमेंटच्या पोत्यातून. १९९९ मध्ये लाफार्ज या फ्रेंच कंपनीने टाटा स्टीलचा सिमेंटचा धंदा घेतला, त्यात सोनाडीहचा कारखाना होता. जामुलचा एसीसीचा सिमेंट कारखाना त्याहून जुना, १९६५चा. त्यामुळे बेशामेल, म्हणजे पांढरा सॉस, पहिल्या प्रयत्नात पातेल्याला धरून बसला, तर त्याची प्रत सांगणारे जाणकार घरोघरी सापडतात.

हा सॉस बसतो तो घाईमुळे. तीस ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर रंग न बदलू देता परतायचा आणि अर्धा लिटर दूध थोडंथोडं घालत ढवळायचं. सगळं दूध एकदम ओतलं, तर मैद्याच्या गोळीचं वरचं आवरण आधी शिजतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. बाजारातलं लोणी बहुधा खारं असल्याने मीठ चव घेऊनच घालायचं. सवयीचा हात चव घ्यायला थांबत नाही, हा भाग वेगळा.

खरी परीक्षा कांद्याच्या सूपची. कांद्यात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणी. ते उडून गेल्याशिवाय कांदा नीट तांबूस होत नाही, म्हणून पाऊण तास मंद आचेवर परतत राहावं लागतं. फोडणीवर वाढलेल्या माणसाला हा पाऊण तास सोसत नाही. पाचव्या मिनिटाला गॅस मोठा होतो, कडा करपतात, मधला भाग कच्चा राहतो. दहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, ‘मोहरी टाकायची राहिली का?’ पाऊण तास तग धरला, तर पातेलंभर कांद्याचा मूठभर गोड लगदा उरतो. गृहिणीला हा सौदा तोट्याचा वाटतो, आणि हिशेबाने तो आहेही.

रातातुई ही नीस शहराकडची भाजी. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी. झुकिनी नसेल तर गिलकं. करायला सोपी. विदर्भाकडून आलेल्या घरात अवघड पडतं ते वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, न पेरणं.

क्रेप मात्र लवकर जमतो. मैदा, दूध आणि अंड्यांचं पातळ पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं आणि तव्यावर पसरायचं. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने क्रेप हवेत उलटवतात. वर्षभर पैसा टिकतो म्हणे. जामुलमध्ये उलथनं पुरतं. शेजारीण त्याला चीला समजते आणि फ्रेंच लोक त्यावर साखर-लिंबू घेतात हे ऐकून घेऊन टोमॅटोची चटणी पुढे करते.