नवरीच्या हातात फुलं सोडून काहीही!

काय काय ऐकावं लागणार आहे, देव जाणे! तिकडे अमेरिकेत आणि इंग्लंडात बोहल्यावर चढायला निघालेल्या पोरींनी म्हणे फुलांशी कट्टी घेतली आहे. पांढरा पायघोळ झगा आहे, तोंडावर झिरझिरीत जाळी आहे, बापाचा हात धरून मोजून-मापून पावलं टाकणं आहे, सगळं जिथल्या तिथे. आणि हातात बुके म्हणून बघावं, तर बटणं! शर्टाची बटणं हो! तारेत एकावर एक तीन-तीन ओवलेली, रंगीबेरंगी, शे-दोनशे. दुसरीच्या हातात पिसं. तिसरीच्या हातात जत्रेतल्या कागदी भिरभिऱ्या. चौथीने कंदील धरलाय. कंदिलाबद्दल मी फार बोलणार नाही, आपल्याकडेही करवली शकुनदिवा घेऊन मागे उभी असतेच. पण तो करवलीने धरायचा असतो, नवरीने नव्हे. मानपान म्हणून काही आहे की नाही?

आमच्या भिशीत हल्ली दुसरा विषय नाही. चहा येईपर्यंत मोबाइल या हातातून त्या हातात फिरत असतो आणि प्रत्येक फोटोला एकेक ‘अगंबाई’ पडतं. परवा एकीने मुळे, आर्टिचोक आणि कसल्याशा कुरळ्या पाल्याची जुडी धरलेली नवरी दाखवली. शेजारच्या मावशी निर्विकारपणे म्हणाल्या, “बरंय की. दुसऱ्या दिवशी पीठ पेरून भाजी होईल.”

भाजी परवडली, पण पिझ्झा? २०१७ साली अमेरिकेतल्या एका पिझ्झावाल्या साखळीने खरोखर पिझ्झाचा बुके काढला होता, आणि नवरदेवाच्या कोटाला टाचायला त्याच वाणाचा छोटा तुकडा. पांढराशुभ्र झगा आणि वर टोमॅटोचा सॉस! हे ज्याला सुचलं, त्याने आयुष्यात कधी डाग धुतलेला नसणार. त्याहून वरताण म्हणजे कुत्र्याची पिल्लं. काही लग्नांत करवल्या फुलांऐवजी प्राणी-निवाऱ्यातलं एकेक पिल्लू छातीशी धरून फोटोला उभ्या राहतात. हेतू चांगला आहे, फोटो बघून त्या पिल्लांना घर मिळावं म्हणून. मान्य. पण हातातला गुलाब ऐन मुहूर्तावर झगा ओला करत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता जे सांगते, त्याला मात्र माझी माफी नाही. पुस्तकाची पानं फाडून फुलं करतात! आवडत्या कादंबरीची पानं पाकळ्यांच्या आकारात कापायची, कडा पेन्सिलीवर गुंडाळून वळवायच्या, गोंद लावायचा, तारेवर चढवायच्या. दिसतात सुरेख, खोटं कशाला बोलू? अक्षरांची बारीक नक्षी पाकळीवर फार शोभते. पण आमच्या आईने पुस्तकाला पाय लागला तर पुस्तक डोक्याला लावायला लावलं आहे. लग्नाच्या दिवशी सरस्वतीला कात्री लावायची, आणि मग म्हणायचं की आम्हाला वाचनाची केवढी आवड!

फुलांनी या मुलींचं वाईट तरी काय केलं, असं विचारलं की चार कारणं तोंडावर फेकतात. फुलं महाग, नवरीच्या एका बुकेला तिकडे दीडशे-दोनशे डॉलर सहज पडतात. परागकणांनी शिंका येतात. हव्या त्या रंगाची हव्या त्या महिन्यात मिळत नाहीत. आणि शेवटचं, खरं कारण: संध्याकाळपर्यंत मान टाकतात. आपण हार गळ्यात घालतो, जेवणाची पंगत बसेपर्यंत त्याचा चोथा होतो, दुसऱ्या दिवशी तो तुळशीत जातो आणि कुणी डोळ्याला पदर लावत नाही. तिकडे मात्र बुके कपाटात काचेआड ठेवायचा असतो, जन्मभर! ज्या गोष्टीचे इतके फोटो निघणार, ती दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणं यांच्या जिवाला सोसत नाही.

“जुन्या काळी असलं काही नव्हतं हो,” हे भिशीतलं पालुपद. तर तेही पुरतं खरं नाही. व्हिक्टोरिया राणीने १८४० साली लग्नात केसांत संत्र्याची फुलं माळली आणि मग घरोघरच्या नवरीला संत्र्याचीच फुलं हवी झाली. थंडगार इंग्लंडात ती मिळणार किती? मग मेणाची करून घातली! म्हणजे नकली फुलांचा हा उपद्व्याप राणीच्याच अमदानीतला. मोनॅकोच्या राजपुत्राशी १९५६ साली लग्न करताना ग्रेस केलीने फुलांच्या जोडीला चक्क प्रार्थनेचं पुस्तक हातात धरलं होतं. न फाडता, बरं का! आणि १९४७ साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात फोटोच्या वेळी बुकेच सापडेना. एवढा राजवाडा, एवढे नोकरचाकर, आणि बुके गायब! पुढे तसाच दुसरा करून, नवरा-नवरी पुन्हा नटून उभी राहिली, तेव्हा कुठे फोटो निघाले. त्या गोंधळाचा धसका असा, की १९८१ मध्ये डायनाच्या लग्नासाठी फुलवाल्याने आधीच दोन बुके करून ठेवले. बटणांचा असता तर सापडला नसता का, असा भाबडा प्रश्न आमच्यातल्या एकीने विचारला. तिला दुसरा चहा दिला.

आणखी एक आवई उठवून देतात, तीही मोडून काढते. पूर्वीचे गोरे लोक वर्षातून एकदा आंघोळ करायचे, वास मारू नये म्हणून नवरी फुलं धरायची, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ही गोष्ट पसरली ती १९९९च्या सुमारास फिरलेल्या एका टवाळ ई-मेलमधून. नावं ठेवायला खऱ्या गोष्टी कमी आहेत का, की खोट्याची उसनवारी करावी?

पण मला खरा झटका बसला तो शोल्याने. अमेरिकेतल्या नवऱ्या हल्ली ‘सोला वूड’च्या फुलांवर जीव टाकतात. लाकडाची फुलं, पर्यावरणाला चांगली, वर्षानुवर्षं टिकणारी, वगैरे वगैरे. खोकी भरून पांढरी फुलं मागवायची. रंगात पाणी आणि ग्लिसरीन घालून त्यात बुचकळायची, म्हणजे वाळली तरी पाकळी मऊ राहते. वास हवा असेल तर अत्तराचे थेंब टाकायचे. म्हटलं, बघू तरी हे लाकूड आहे कुठलं. तर कसलं लाकूड आणि कसलं काय! तो आपला शोला, पाणथळीत वाढणाऱ्या रोपाचा गाभा. बंगालात दुर्गेचा पांढरा साज याचाच, लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर उंच टोकदार टोपोर असतो तो याचाच, नवरीचा मुकुटही याचाच. आणि साहेब उन्हात जी टोपी घालून मिरवायचा, तीही याचीच.

याचं काम करणारे मालाकार. एकदा त्यांचा चाकू चालताना बघावा. काठीएवढं खोड घेतात, वरची तपकिरी साल तासून टाकतात, आतून दुधासारखा गाभा निघतो. मग तो गाभा चाकूच्या धारेवर फिरवत न्यायचा, की त्याची पातळ, लांबलचक पट्टी उलगडत येते. कुठे फाटत नाही, कुठे जाड-बारीक होत नाही. तीच पट्टी गुंडाळत, चिमटत, दोऱ्याने बांधत गेलं की फूल. शंकराने लग्नासाठी मुकुट मागितला, विश्वकर्म्याला तो या मऊ वस्तूत जमेना, तेव्हा मालाकाराने करून दिला, अशी त्यांची कथा आहे. तर कैलासपतीच्या मुकुटाची वस्तू आता ग्लिसरीनमध्ये बुडून, पीच रंग लेवून अमेरिकन नवरीच्या हातात! तक्रार नाही, कारागिराला काम मिळत असेल तर आणखी चार रंगांत बुडवा. पण विकताना बंगालचं नाव घ्यायला जीभ का जड होते, तेवढं कुणी सांगेल?

आपल्याकडे सगळं सोवळं आहे, असंही नाही. क्रोशाचे बुके, चॉकलेटचे बुके तर झालेच, शिवाय नोटांचे बुके! करकरीत नोटांच्या पंख्यासारख्या घड्या, मध्ये टाचणी. नोटांचे हार करू नका, त्यांना टाचण्या मारू नका म्हणून रिझर्व्ह बँक कधीची सांगते आहे. ऐकतो कोण? आणि केसांतला गजरा तरी खरा कुठे राहिलाय? कापडी गजरा क्लिप मारून लावायचा, रात्री काढून पिशवीत, पुढच्या लग्नाला परत हजर. मावळातले गुलाब विमानाने परदेशी जातात आणि आम्ही इथे कापडाला मोगरा म्हणतो.

आता घरचंच सांगते. नणंदेचा मुलगा ओहायोत असतो, होणारी सून तिथलीच. तिने ठरवलंय ब्रोचचा बुके. दोन्हीकडच्या बायकांनी एकेक ब्रोच पाठवायचा, प्रत्येकाच्या पाठीमागे तार ओवून, पीळ देऊन दांडी करायची, हिरवी पट्टी गुंडाळायची, सगळ्यांची मिळून मोळी बांधायची आणि मुठीला साटिनची रिबीन. आमच्याकडे ब्रोच कुठले? पण साडीपिना आहेत! नणंदबाईंनी आपली मोराची पिन काढली, सासूबाईंनी दिलेली, पांढऱ्या खड्यांची. मोराच्या शेपटीतला एक खडा पडलाय, तिथे खड्याची टिकली फेविक्विकने चिकटवलेली. मोठ्या जाऊबाईंनी सोन्याचं पाणी दिलेलं कमळ पाठवलं आणि ते सोन्याचं नाही, हे तीन जणींना आपण होऊन सांगितलं.

इथवर ठीक. पुढे प्रश्न आला, मधोमध कुणाची पिन? मुलाच्या आईची, मुलीच्या आजीची, की जाऊबाईंचं कमळ आकाराने मोठं म्हणून त्याची? मुठीजवळ रिबिनीत अर्धी बुडणारी पिन कुणी लावून घ्यायची? मुलाच्या आत्याची पिन मागच्या बाजूला गेली आणि फोटोत आली नाही, तर पुढच्या दिवाळीला काय काय ऐकावं लागेल? आहेरात साडीच्या किमतीवरून जे व्हायचं, ते आता सातासमुद्रापार तारेवर टांगून होणार आहे. बिचाऱ्या सुनेला वाटतंय की आपण दोन घरं जोडतोय!

शिवाय वजन. असा बुके दोन-अडीच किलोंचा सहज होतो. रव्याची पिशवी दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यावर हसू ठेवून चालत जायचं. फेकायचा तर प्रश्नच नाही. पाठमोरी उभी राहून नवरी बुके उडवते आणि तो झेलणारीचं लग्न पुढे लवकर ठरतं, अशी त्यांची रीत. हा उडवला तर झेलणारीचं लग्न नव्हे, टाके ठरतील. त्यामुळे फेकायला म्हणून वेगळा छोटा बुके करतात. तो कशाचा, म्हणून विचारलं. फुलांचा म्हणे!

जाऊबाईंनी कमळाचा फोटो काढून ठेवलाय, पुरावा म्हणून. नणंदबाईंचा मात्र एकच प्रश्न आहे आणि तो ओहायोला कळवायला घरात कुणी पुढे येत नाही. लग्न लागल्यावर ज्याची त्याची पिन परत देतात ना?