खंडनाला गुण किती?

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा. संघात दोघे, एक अनुकूल, एक प्रतिकूल. विषय कितीतरी दिवस आधी कळलेला. भाषणही तेव्हाच पाठ झालेलं.

मग वाद कुणाशी?

‘माझ्या प्रतिस्पर्धी मित्रांनी आत्ताच सांगितलं...’ असं स्पर्धक ठणकावतो. मित्राने तसं काही सांगितलेलंच नसतं. तरी टाळ्या पडतात आणि गुणपत्रिकेत खंडनाचा रकाना भरतो!

भाषण सरांनी लिहून दिलेलं, शायरी मोबाईलवरून उतरवलेली, हातवारे गेल्या वर्षीच्या विजेत्याचे. मुलाचं स्वतःचं मत कुठाय? ते त्याला कुणी विचारलंच नाही.

आपलं बोलून झालं की स्पर्धक थेट कँटीनमध्ये. दुसऱ्याचं ऐकायचंच नसेल, तर वक्तृत्व स्पर्धा आहेत की!

ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत विषय जाहीर झाल्यावर तयारीला मिळतात 15 मिनिटं. बाजूही आपण निवडायची नाही. भाषण सात मिनिटांचं; त्यातलं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं, तर समोरचा मध्येच उभा राहून प्रश्न विचारू शकतो, आणि वक्त्याला एखाददुसरा घ्यावाच लागतो. तिथे पाठांतर काय कामाचं? ही पद्धत आपल्याकडे आली, रुजली, पण बहुतेक इंग्रजीतून. मराठीत बोलणाऱ्या मुलांना तेवढी अक्कल नाही, असं ठरवलं कुणी?

परकं वाटतंय? मग आपला पूर्वपक्ष घ्या. विरोधकाचं म्हणणं आधी पुरतं मांडायचं, मगच ते खोडायचं, ही शास्त्रग्रंथांची जुनी शिस्त. स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याला खोडत राहणं, याला न्यायसूत्रांनी वितंडा म्हटलं. आपल्या स्पर्धा तिथवरही पोचत नाहीत. वितंडेलासुद्धा समोरच्याचं ऐकावं लागतं.

तयारीला पैसा लागत नाही. दोन्ही बाजू स्वतःच्या हाताने लिहा. आदल्या दिवशी संघातल्या दोघांनी बाजू बदलून एकमेकांना भंडावून सोडा. भाषणातला आकडा कुठून आणला, ते सांगता येत नसेल तर तो खोडा. आणि सर, तुम्ही भाषण लिहू नका. फक्त प्रश्न विचारा.

आयोजकांनीही पुढच्या पत्रकात एक नियम छापावा : बोलायला उभं राहिल्यावर आधीच्या वक्त्याचा मुद्दा त्याला पटेल असा सांगायचा, तो मान हलवेपर्यंत स्वतःचं भाषण सुरू करायचं नाही.

कँटीन त्या दिवशी रिकामं राहील.