शेवटचा हात कोणी लावला?

गाडी बंद पडली म्हणून कोणी भोसरीतल्या नानांच्या गाळ्यात शिरलं, की नाना गाडीकडे बघत नाहीत, गाडीवाल्याकडे बघतात. "शेवटचा हात कोणी लावला?" बॅटरी, फ्यूज, सेन्सर ही मंडळी नंतर, आधी संशयित. "कोणीच नाही हो नाना, उभी होती ती उभीच राहिली," असं कोणी म्हणालं, तर नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि गप्प बसतात. मग समोरच्याला मागच्या आठवड्यात बसवलेला कर्कश हॉर्न, मेव्हण्याने हौसेने जोडलेले फॉग लॅम्प आणि हँडलवरचा मोबाइल चार्जर असं सगळं क्रमाने आठवायला लागतं.

असे नाना या पट्ट्यात पुष्कळ. तळवडे, चिखली, चाकण, कुठेही जा, गाळ्यांच्या रांगेत एखादा सापडतोच. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे मामा. उमेदीची वर्षं मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्समध्ये तीन शिफ्टांत गेलेली, व्हीआरएसच्या पैशांत गाळा घेतलेला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, पण आमचे नाना त्या दिवशी मुद्दाम गाळा उघडतात. का, तर "गुरुवारी व्होल्टेज खरं असतं."

त्यांचं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, एक सुई. मल्टिमीटरही आहे, पण त्याच्यावर नानांचा पूर्ण भरवसा नाही. वायरीतल्या सगळ्या तारा गंजून तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर खुशाल शिट्टी वाजवतो. बल्बला मात्र पेटायला खरा करंट लागतो, तो मिणमिणतो आणि चोर सापडतो. हाच बल्ब ईसीयूच्या नाजूक पिनेला लावायला गेलात तर नाना हातावर फटका मारतात. तिथे मीटरच. अविश्वासाचेही नियम असतात.

१ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स लागू झालं आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. लॉकडाऊनमुळे त्याच्या अंत्ययात्रेला चार माणसंही जमली नाहीत, ही नानांची खंत. सीबी पॉइंटला पॉलिश पेपर मारण्यात हयात गेलेला हा माणूस आता संपला, असं आम्हा शेजाऱ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. पोरं स्कॅनर घेऊन आली, स्कॅनर कोड दाखवायला लागला, पोरं त्या कोडचा पार्ट बदलायला लागली, आणि पार्ट बदलूनही चालू न होणाऱ्या गाड्यांची नानांच्या दारात रांग लागली. "तुझा स्कॅनर ओरडतो कोण ते सांगतो," नाना म्हणतात, "चिमटा कोणी काढला ते नाही सांगत." आणि ते खरंच आहे. तीन सेन्सरांना मिळून पाच व्होल्टचा एकच पुरवठा असला आणि त्यातला एक आतून शॉर्ट झाला, तर बोंब बाकीचे दोघेही मारतात.

अशा या माणसाकडे आकुर्डीच्या बाजूची दोन इंजिनिअर पोरं विमान घेऊन आली. म्हणजे विमान नव्हे. विमान होण्याची आशा बाळगणारं इंजिन. ट्विन स्पार्कची जुनी पल्सर, तीही कुदळवाडीच्या भंगारातून उचललेली, २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथल्या शेडवर बुलडोझर फिरवण्याआधी. लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन, पुढे लाकडी पंखा, आणि सगळं साखळदंडाने जमिनीला जखडलेलं. पल्सरला २००३ मध्ये दोन प्लग आले ते पेट्रोल नीट जळावं म्हणून. पोरांनी डोकं लढवलं होतं: एकेका प्लगला स्वतंत्र कंट्रोलर द्यायचा, ए आणि बी, म्हणजे हवेत एक गेला तरी दुसरा आहे.

नानांनी आधी विमानविद्येचा समाचार घेतला. चाकणला व्हायचा विमानतळ पुरंदरच्या वाटेला लागला, त्यामुळे आता हे उडवणार कुठे? पोरांनी अमोल यादवांचं नाव घेतलं. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं, आणि त्याची डीजीसीएकडे नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. नानांनी ही हकिगत मन लावून ऐकली. दुसऱ्या कोणी धाडसाबद्दल विचारलं असतं, परवानग्यांबद्दल विचारलं असतं. नानांनी विचारलं, "गच्चीवर अर्थिंग कुठून घेतलं?"

दुखणं असं होतं: सेल्फ मारला की लॅपटॉपवर आरपीएमचा आकडा माकडासारखा उड्या मारायचा, मधेच दोन्ही कंट्रोलर रिसेट व्हायचे, इंजिन खोकून बंद. कोड यायचा क्रँक सेन्सरचा. पोरांनी सेन्सर बदलला, मग त्याची वायर बदलली, मग कंट्रोलर बदलला. आता खिसा बदलायचा राहिला होता.

"शेवटचा हात कोणी लावला?"

"कोणीच नाही, नाना. फक्त सांगाडा पावडर कोटिंगला देऊन आणला."

नानांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला हसू म्हणता येणार नाही. पोलिसाला पाकीटमाराच्या खिशात स्वतःचंच पाकीट सापडावं तसं काहीतरी. त्यांनी मीटरचा एक काटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दुसरा थेट इंजिनच्या अंगाला. "मार सेल्फ." इथे पाव व्होल्टसुद्धा जास्त, मीटरने दीडच्या वर दाखवलं. अर्थिंगचा बोल्ट बसला होता पोरांच्या लाडक्या फिरोजी रंगावर, आणि पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही. सेल्फचा दांडगा करंट मग परतीची वाट शोधत सेन्सरच्या केसाएवढ्या वायरीत घुसत होता. बिचारा क्रँक सेन्सर खरं बोलत होता, पण त्याच्या कानाशी कोणी ढोल वाजवत होतं.

नानांनी १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला आणि पॉलिश पेपर घेऊन फिरोजी रंग खरवडायला सुरुवात केली. रंगाचे पैसे ज्याने दिले होते तो पोरगा तोंड फिरवून उभा राहिला. खाली चकचकीत लोखंड, दातेरी वॉशर, बोल्ट करकचून. सेल्फ मारताच इंजिन सुरू. पंख्याच्या वाऱ्याने शेजारच्या गाळ्यातली चलनं थेट रस्त्यावर गेली.

इथे गोष्ट संपायची, पण पोरं उत्साहात बोलून गेली. सेस्ना १७२ सारख्या विमानात प्रत्येक उड्डाणाआधी सतरा-अठराशे आरपीएमवर प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद करून बघतात, मग दुसरा. आरपीएम थोडे पडायलाच हवेत, सव्वाशे-दीडशेच्या आत. अजिबात पडले नाहीत तर जास्त घाबरायचं, कारण त्याचा अर्थ तो मॅग्नेटो बंद झालेलाच नाही. मॅग्नेटो बंद होतो तो अर्थिंग दिल्यावर. ती वायर तुटली की तो कायमचा जिवंत, आणि हाताने पंखा फिरवायला जाणाऱ्याचा हात धोक्यात.

नाना हातातला चहा विसरले. "म्हणजे चांगलं चालू असलेलं इंजिन, त्याच्यावर रोज संशय घेतात? आणि पायलटला कोणी वेडा म्हणत नाही?" चाळीस वर्षं घरच्यांनी ज्याला खोड म्हटलं, त्याला जगात कुठेतरी नियमपुस्तिका आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. २०१२ च्या रोटॅक्स ९१२ आयएस इंजिनात कंट्रोलरच्या दोन लेन असतात आणि जनरेटरही दोन. इंजिनचा पहिला जनरेटर गेला तर दुसरा आधी इंजिन सांभाळतो, बाकी विमानाने बॅटरीवर भागवावं. हे ऐकून तर नानांनी टोपी काढली.

लगेच उठून त्यांनी पोरांच्या इंजिनचा ए कंट्रोलरचा फ्यूज उपटला. ए गेला. बीसुद्धा गेला. दोन कंट्रोलर, दोन कॉइल, दोन प्लग, आणि वर फ्यूज एकच. "भाऊ दोन, सातबारा एक," नाना म्हणाले आणि पोरांना पुन्हा वायरिंग ओढायला घरी पाठवलं.

त्यानंतरचे दिवस आम्हा सगळ्यांनाच जड गेले. नानांनी जगाची दुसरी लेन तपासायला घेतली. सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना त्यांनी मेन स्विच पाडला, जनरेटर उचलतो का बघायला. काकूंचं पुरण शिजत असताना गॅसचं पहिलं सिलिंडर बंद केलं, दुसरं भरलेलं आहे ना, याची खातरजमा म्हणून. निगडीच्या मंगल कार्यालयात पुतण्याच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकेला अंधार झाला आणि भटजींचा माइक गेला. अख्ख्या मांडवाने एकाच माणसाकडे पाहिलं. "जनरेटर नऊ सेकंदांनी आला," नाना शांतपणे म्हणाले. "हॉलवाल्याला सांगा, हे चालणार नाही."

मग एका गुरुवारी पोरं परत आली. दोन फ्यूज, दोन रिले, दोन बॅटऱ्या, अर्थिंगचे दोन बोल्ट, दोन्हींखालचा रंग आधीच खरवडलेला. पंख्याच्या रेषेतून सगळ्यांना बाजूला केलं, इंजिन सुरू झालं, अठराशेवर आणलं. नानांनी एचा फ्यूज काढला. इंजिन चालूच. लॅपटॉपवरचा आकडा जागचा हलला नाही, एक आरपीएमही कमी नाही. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, शेजारचे गाळेवाले टाळ्या वाजवायला लागले, कोणीतरी पेढे आणायला पळालं.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "ए मेलेला नाही. बीच्या कुठल्यातरी वायरीतून चोरून जेवतोय." त्यांनी जमिनीवर गोणपाट अंथरलं, टेस्ट लॅम्प काढला आणि पेढे आणायला निघालेल्याला हाक मारून सांगितलं, "पेढे राहू दे. येताना चहा आण."