दारासमोरची मांडणी

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे जाऊ लागलं, की रस्ता आक्रसत आक्रसत एका गाडीपुरता उरतो. मात्र थोड्या थोड्या अंतरावर त्याचं पोट सुटलेलं असतं. तिथे पाटी असते, 'पासिंग प्लेस'. समोरून कुणी आलं, की तिथे बाजूला होऊन त्याला वाट द्यायची आणि त्याने हात वर करून आभार मानायचे. पुण्यात पस्तीस वर्षांत कुणाला वाट न दिलेले आमचे हे पहिल्या दिवशी चडफडले. तिसऱ्या दिवशी मात्र हात असा सराईतपणे वर जाऊ लागला, की माणूस निवडणुकीला उभा आहे असं वाटावं. एकदा तर वाटेत बसलेल्या मेंढीलाही हात झाला. ती उठली नाही.

ह्यांना इतिहासाचं वेड. पण मी जसे पौंडांचे रुपये करून बघते, तसं परकं साल मराठी इतिहासात वटवून घेतल्याशिवाय ह्यांना पचत नाही. कलोडनच्या माळावर १७४६ साली तासाभराच्या आत आटोपलेली लढाई म्हणजे "पानिपताआधी पंधरा वर्षं". पुढे बोटीने ऑर्कनी बेटांवर उतरलो. कर्कवॉलच्या तांबूस दगडी कॅथीड्रलची सुरुवात ११३७ ची. "ज्ञानेश्वरीआधी दीडशे वर्षं!"

स्कारा ब्रेला मात्र हे गप्प झाले. १८५० साली वादळाने समुद्रकाठची वाळू उडवली आणि खालून दगडी घरं उघडी पडली. वस्ती पाच हजार वर्षांपूर्वीची, गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. हे मागे मागे जात सातवाहनांपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले.

मी वरच्या पायवाटेवरून एका बिनछपराच्या घरात डोकावले. बेटावर लाकडाची वानवा, म्हणून सगळं सामान दगडाचं. मधोमध चूल, दोन्ही अंगांना उभ्या फरश्यांच्या चौकटीतले बिछाने आणि दाराच्या बरोबर समोर... मांडणी! दगडी पायांवर दगडी फळ्या, दोन मजली.

त्या मांडणीवर काय ठेवत असतील, याबद्दल तज्ज्ञ तर्क करतात. मला तर्काची गरज भासली नाही. आमच्या आईची मांडणीही दारातून दिसेल अशीच होती. उतरत्या भाजणीचे पितळी डबे आणि चिंचेने घासलेले पेले वर, पोचे आलेली पातेली तळाला. मांडणी दारासमोर का असते, हे कुठल्याही संसारी बाईला विचारावं.

दुपारी मेसहाउच्या थडग्यात दहा मीटर ओणव्याने शिरलो. बाराव्या शतकात आत घुसलेल्या नॉर्स मंडळींनी तिथे भिंतींवर आपापली नावं कोरून ठेवलीत. एकाने इंगिगेर्थ नावाच्या बाईच्या रूपाची तारीफही केली आहे. सिंहगडावर नावं कोरणाऱ्या पोरांवर डाफरणारे हे मान वर करून भक्तिभावाने बघत होते. मग समाधानाने म्हणाले, "यादवकाळ!"

ऑर्कनीहून मी एक मातीचा पेला आणला. तो स्वयंपाकघरात, दारासमोरच्या फळीवर ठेवलाय. मी ओट्याशी उभी असले की तो झाकला जातो. म्हणून पाहुणे दारात आले, की मी जरा बाजूला होते.

अजून कुणी हात वर केलेला नाही.