डिझेल फिल्टर बदलू इच्छिणाऱ्या शाहूवाडीकरांस सूचना

निदान आधी. फिल्टर चोंदला आहे की नाही हे ठरवणारी तालुक्यातली सर्वांत विश्वासू यंत्रणा म्हणजे आंबा घाट. मलकापूर-बांबवडे रस्त्यावर प्रत्येक गाडी ठणठणीत असते. साखरप्याकडून घाट चढायला लागले की ती दम टाकते, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ओढ येत नाही आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरून आपले मत कळवतो. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागते आणि चोंदलेला फिल्टर तेवढे सोडत नाही. बॉनेट न उघडताच ‘पंप गेलाय’ असा निकाल देणाऱ्यांना घाटात सोबत न्यावे. परत आणायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जागा. पावसाळ्यात तालुक्याच्या पश्चिमेला उघड्यावर फिल्टर बदलणे म्हणजे टाकीला पाणी पाजणे. कोरडी जागा एकच, गोठा. तिथे वैरण रचलेली असते. ‘जाळ आणि धूर संगटच’ हे कोल्हापूरकरांचे ब्रीद इतर सर्व कामांत शोभते, या कामात नाही. डिझेलची वाफ पेट घ्यायला ते ३५ अंशांच्या वर तापावे लागते, हे खरे. पण नुकतेच घाट चढून आलेले इंजिन त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून ते पूर्ण गार होईपर्यंत चहा घ्यावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. परड्यात पाणी तापवायचा बंब पेटलेला असेल, तर काम आंघोळी उरकल्यावर काढावे. बिडी ओढत सल्ला द्यायला आलेल्या पाहुण्यांना सोप्यात बसवावे.

साहित्य: पाने, फडकी, घमेले, नवा फिल्टर आणि त्याच्या रबरी रिंगा. दुकानात जाताना फिल्टरचा फोटो नेऊ नये, गाडीचे मॉडेल आणि साल लिहून न्यावे. मलकापुरात नाही मिळाला तर कोल्हापूरचे उद्यमनगर आहेच. घमेल्याऐवजी घरातली परात घेणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका नाही. त्यांना वकील लागेल.

पहिल्यांदा फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू ढिला करून निघेल ते काचेच्या बरणीत धरावे. लिटरभर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरते आणि पाणी किलोभर, त्यामुळे पाणी तळाशी बसते आणि डोळ्यांना दिसते. ते दिसताच बरणी घेऊन पंपावर भांडायला जाऊ नये. अर्धी रिकामी टाकी, दमट हवा आणि गार रात्र एवढ्यावरही टाकीत पाणी धरते.

मग नळ्या काढाव्यात, कोणती आत येणारी आणि कोणती बाहेर जाणारी याची खूण करावी. रिंगेला डिझेलचे बोट लावून नवा फिल्टर बसवावा. आटे वाकडे बसले तर जोर लावू नये, पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी धरायला उभा केलेला पोरगा उजेड स्वतःच्या तोंडावर पाडील. ती परंपरा आहे.

खरी परीक्षा एअर काढण्याची. नळीत हवा राहिली तर गाडी एक तर चालूच होत नाही, किंवा होते आणि कोपऱ्यावर जाऊन बंद पडते. या विषयातला जाणता गॅरेजमध्ये सापडत नाही. तो सत्तरी ओलांडलेला असतो आणि त्याने उमेदीत वारणेच्या किंवा कडवीच्या काठाला ऑइल इंजिन चालवलेले असते. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली आणि पुढे नदीकाठच्या शेतकऱ्यांची आख्खी पिढी हँडल मारता मारता एअर काढायला शिकली. अशा आबांना खुर्ची द्यावी. ते म्हणतील, “स्क्रू ढिला कर. हातपंप हाण. फेस येतोय तवर हाण. नुसतं डिझेल आलं की आवळ.” आजवर याहून नेमकी पुस्तिका कोणी छापलेली नाही.

मात्र पुढचे वाक्य आबा सांगतील ते नव्या गाडीत ऐकू नये: “नाय निघाली तर इंजेक्टरचा नट ढिला कर.” जुन्या इंजिनाला ते चालायचे. कॉमन रेलच्या गाडीत चालू इंजिनाच्या त्या नळीतला दाब हजार बारच्या वर जातो. टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन बार. तिथून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि माणूस थेट शस्त्रक्रियेला जातो. एअर काढायची ती इंजिन बंद ठेवून, फिल्टरजवळच्या हातपंपानेच.

जुन्या फिल्टरमधले डिझेल चूल पेटवायला कोणी मागेल. देऊ नये. ओढ्यातही ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

पेट्रोल गाडीवाल्यांनी यातले काहीही करू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट घेते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत बंबापर्यंत पोचते, आणि बहुतेक नव्या गाड्यांत फिल्टर टाकीतच पंपाबरोबर बसवलेला असतो. त्यांनी सरळ गॅरेज गाठावे.